फरशी बरोबर नेणार का?

माल ओळखण्यात मी आजवर कधी फसलेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. हार्लिंगेनच्या बंदरालगत माझे कापडाचे दुकान होते. ते मी अडतीस वर्षे चालवले, आणि त्या काळात भेसळीचा माल शुद्ध लोकर म्हणून गळ्यात मारू पाहणारे सहा फिरते व्यापारी मी डोळे मिटून, केवळ अंगठा आणि तर्जनी यांच्या बळावर, दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवले. सातव्याशी मी लग्न केले. त्याची लोकर खरी होती.

तेव्हा ऐंशी वर्षे पूर्ण व्हायला महिना उरला असताना दुकान आणि त्यावरचे घर विकून मी ज्येष्ठांच्या इमारतीत तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा भाड्याने घेतली, त्या वेळी फरशी हा काही मला प्रश्न वाटला नाही. जागा ताब्यात आली तेव्हा खाली नुसते सिमेंट होते. त्यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते. आमच्याकडे भाड्याचे घर असेच मिळते. जाणारा भाडेकरू आपले पडदे, आपले दिवे आणि आपली फरशी उचलून घेऊन जातो आणि येणारा आपली घेऊन येतो. माझ्या आधीच्या गृहस्थांनी तर न्हाणीघराच्या दारामागची खुंटीसुद्धा नेली होती, आणि तिचे भोक नीट बुजवून ठेवले होते. माणूस सज्जन असावा.

माझा मुलगा विब्रेन आणि सून मारिट जागा बघायला अल्मेरेहून आली. अल्मेरे हे गाव मी चोवीस वर्षांची होईपर्यंत पाण्याखाली होते. मग पाणी उपसून तिथे रस्ते केले गेले, आणि माझ्या मुलासारख्या शिकलेल्या माणसांनी तिथे घरे घेतली.

"आई, हे तुला झेपायचं नाही," विब्रेन उंबऱ्यावरूनच म्हणाला.

"काय झेपायचं नाही?"

"हे सगळंच. सिमेंट, फरशी, सामान. तू सरळ आमच्याकडे ये. खालची खोली रिकामीच आहे. मारिटनं पडद्याचा रंगसुद्धा ठरवून ठेवलाय."

"फिकट निळा," मारिट म्हणाली. "खोली तुमचीच समजा, आई. अगदी मनापासून सांगते."

मारिट स्वभावाने गोड आहे, बोलायला गोड आहे, आणि कॉफीतही साखर जास्तच घेते. एकवीस वर्षांत तिच्याकडून मला एक वाकडा शब्द ऐकावा लागलेला नाही.

"समुद्राच्या तळाशी राहायला जायचं माझं वय नाही," मी म्हटले.

"मग निदान कारागीर तरी लावू या."

"कारागीर फरशी लावतो, निवडत नाही. माल चुकला तर त्यानं कितीही सरळ लावली तरी काय उपयोग? माल मी निवडणार. आणि लावणार आम्ही दोघी, मी आणि तुझी आत्या."

आत्या, म्हणजे माझी नणंद यिक्के, खिडकीच्या कठड्यावर बसून सफरचंद खात होती. तिने खाणे थांबवले. "मी?"

"तू."

विब्रेनने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. तेव्हा मी जे बोलले ते बोलायला नको होते असे आज वाटते. पण त्या वेळी शब्द तोंडातून असे बाहेर पडले, जसे ताग्यावरून रेशीम सुटते.

"माझ्या वाढदिवसाला चौदा माणसं या फरशीवर बसतील. त्या दिवशी एक जरी फरशी जागची हललेली दिसली, तर मी एक अक्षर न बोलता तुमच्याकडे राहायला येईन."

"शब्द?"

"वीर्दांच्या घरात शब्द दोनदा मागत नाहीत."

"ठरलं तर मग," विब्रेन म्हणाला. मारिट सिमेंटकडे बघत होती.

आता खरे सांगायचे तर मला त्या पैजेपेक्षा मालाचीच उत्सुकता अधिक होती. कापडाबद्दल जाणून घेण्यासारखे माझ्यापाशी काही उरले नव्हते. आणि इथे ऐंशीच्या घरात एक संपूर्ण नवा माल माझ्यापुढे उलगडत होता. आमच्याकडची फरशी दगडाची नसते, व्हिनाइलच्या पातळ चौकोनांची असते; पण व्हिनाइल म्हणजे नेमके काय? ते वाकते का? वाकले तर आठवण ठेवते का? खाली सिमेंट कसे हवे? मी चौकशी करत गेले. कोणी म्हणाले, सिमेंट पाणी पिते की नाही ते आधी पाहा. मी कॉफीच्या चमच्याने जमिनीवर पाण्याचा एक थेंब सोडला आणि घड्याळ घेऊन शेजारी बसले. थेंब अर्ध्या मिनिटात नाहीसा झाला.

"तहानलेलं आहे," मी यिक्केला सांगितले. "आधी प्रायमर लागेल. नाहीतर गोंदसुद्धा पिऊन टाकील."

"वहिनी, तुम्ही सिमेंटशी बोलताय."

"मी विचारतेय. ते उत्तर देतंय."

मग मी जमिनीवर एक वाळका वाटाणा सोडला. चांगल्या जमिनीवर वाटाणा जिथे ठेवावा तिथे राहतो. माझा वाटाणा खिडकीपासून निघाला, खोलीच्या मध्यावर जरा घुटमळला आणि स्वयंपाकघरात निघून गेला. म्हणजे पातळ सिमेंट ओतून जमीन सपाट करणे आले. तेही आम्ही दोघींनी केले. यिक्केच्या केसांत त्यातले थोडे अजून असेल. ते वाळल्यावर वरून प्रायमरचा हात दिला. दुसऱ्या दिवशी वाटाणा ठेवला तिथेच राहिला, आणि मी त्याला शाबासकी दिली.

मग आम्ही यिक्केच्या गाडीतून फरश्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार पोस्टमा हे पन्नाशीचे, शांत, चष्म्याआडून माणसाला तोलून पाहणारे गृहस्थ. त्यांनी जाड फरशी पुढे केली.

"ही घ्या, वीर्दाबाई. पाच मिलिमीटर."

मी डोळे मिटले आणि बोटे फिरवली. "जाडी पोटात आहे. वरचा थर कुठंय?"

"म्हणजे?"

"झिजायचा तो थर. अस्तर कितीही जाड लावलं तरी कोट झिजतो बाहेरून. ती बारीक दिसणारी द्या. हां, ही. हिचा वरचा थर दुप्पट आहे."

पोस्टमांनी खोक्यावरचा आकडा वाचला. मग चष्मा वर सरकवून पुन्हा वाचला. "दुप्पटच आहे," ते म्हणाले.

यिक्केने सुस्कारा सोडला. "आता घरी जाईपर्यंत हेच ऐकायचंय मला."

गडद राखाडी, ओल्या पाटीच्या दगडासारख्या दिसणाऱ्या त्या चौकोनी फरश्यांची अकरा खोकी निघाली. पोस्टमांनी ती गल्ल्याशेजारी रचली आणि गोंदाचा एक डबा आणून वर ठेवला. त्याचे झाकण हिरवे होते. मग त्यांनी विचारले, "जागा स्वतःची की भाड्याची?"

"भाड्याची. तळमजला."

"मग एक विचारायला हवं. फरशी बरोबर नेणार का?"

बाहेर यिक्केची गाडी मागचे दार उघडून उभी होती. खोकी समोर होती. मला प्रश्नाचे नवल वाटले.

"बरोबर नेणार म्हणजे? अर्थात नेणार. ठेवून कशाला जाईन?"

"नाही, तुमच्या वयाची माणसं बहुधा ठेवून जातात. मागून येणाऱ्याच्या उपयोगी पडते."

"मागून येणाऱ्यानं स्वतःची निवडावी. मी पारखून घेतलेली वस्तू मी दुसऱ्यासाठी सोडत नसते."

"उचलायचं काम जड असतं हो."

"आम्ही दोघी आहोत. थोडी थोडी करून उचलू."

"मुलगा वगैरे कोणी मदतीला?"

"मुलाला यातलं अवाक्षर कळता कामा नये."

पोस्टमांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या नजरेत आदर होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. "जिद्दीच्या आहात, वीर्दाबाई," ते म्हणाले. "मग हा नको. तुम्हाला दुसरा देतो." हिरव्या झाकणाचा डबा आत गेला आणि निळ्या झाकणाचा बाहेर आला. "पूर्ण सुकू द्या आणि मगच फरशी ठेवा."

"सुकल्यावर चिकटणार कशी?"

"चिकटते. बघालच."

माझी जिद्द पाहून या माणसाने आतला राखीव माल काढून दिला, असे मी समजले. व्यापारात असे होते. मीही चांगल्या गिऱ्हाइकासाठी आतून तागा काढत असे.

घरी येऊन मी डब्यावरचे मोठे अक्षर वाचले. त्यात पोस्टमांनी सांगितले तेच होते. बारीक अक्षर मी वाचत नाही. ज्याला आपल्या मालाची खात्री नसते तोच बारीक अक्षरात लिहितो, असा माझा अनुभव आहे.

दातेरी पट्टीने आम्ही गोंद जमिनीवर ओढला. दुधासारखा पांढरा, सारख्या रेघांचा, फार सुरेख दिसत होता. मग आम्ही दारात दोन खुर्च्या टाकून त्याच्या सुकण्याकडे बघत बसलो. तासाभरात दुधाचे पाणी झाले, म्हणजे पांढरेपणा जाऊन खालचे सिमेंट दिसू लागले.

"सुकला," यिक्के म्हणाली.

मी बोट लावले. बोट आले, पण मनाविरुद्ध आले. "चिकट आहे. चिकट म्हणजे ओला."

"रंग बदलला की."

"रंग बदलला म्हणून रेशीम सुती होत नाही. थांबू."

आम्ही थांबलो. दर अर्ध्या तासाने मी बोट लावून पाहिले. मग दोरा लावून पाहिला, मग पीस, मग यिक्केच्या मफलरची एक झुलती दशी. सगळे चिकटले. दुपारी एक माशी येऊन मधोमध बसली.

"ही उडाली की सुकला समजायचा," मी म्हटले.

आम्ही कॉफी घेत तिच्याकडे पाहत बसलो. माशीने बराच प्रयत्न केला, मग विचार केला, मग तीही आमच्यासारखी वाट बघत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तिथेच होती, आणि गोंदही तसाच होता.

माझी उत्सुकता आता शिगेला पोहोचली. अडतीस वर्षांत न सुकणारी वस्तू मी पाहिली नव्हती. रंगवलेले कापड सुकते, धुतलेली लोकर सुकते, रडणारी नवरी सुकते. हा गोंद कोणत्या तत्त्वावर ओला राहत होता?

"पोस्टमांना फोन करू?" यिक्केने विचारले.

"आणि काय सांगू? की मला वस्तू वापरता येत नाही?" मी पुन्हा एकदा जमिनीवर बोट टेकले आणि विचार केला. विचाराअंती सगळे स्पष्ट झाले. "हात पातळ पडलाय. थर अपुरा असला की नीट धरत नाही. दुसरा हात देऊ, चांगला जाड."

"आणि तो सुकला नाही तर?"

"तो सुकणार नाही हे तर आपण एक दिवस आणि एक रात्र बघितलंच. जो सुकणारच नाही त्याच्यासाठी थांबायचं कशाला? ओल्यावरच फरशी ठेवू."

यिक्केने मागाहून सांगितले की हे वाक्य ऐकताना तिला त्यात काहीतरी खटकले होते, पण नेमके काय ते सापडेना. मी बोलत असताना तिचे नेहमीच असे होते.

फरश्या ठेवताना मात्र जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. ठेवलेली फरशी सरकवता येत होती, उचलता येत होती, फिरवून पुन्हा ठेवता येत होती. पहिल्या दिवशी आम्ही त्या सरळ लावल्या. दुसऱ्या दिवशी मला तिरप्या आवडल्या, म्हणून सगळ्या उचलून तिरप्या केल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा सरळ केल्या.

"वहिनी, ही सरकते," यिक्के म्हणाली.

"सरकते म्हणजे सुधारता येते. स्वस्तातल्या मालाला ही सोय नसते."

वरून दाब द्यायला जड रूळ लागतो असे ऐकले होते. माझ्यापाशी दुकानातला काळ्या मखमलीचा शेवटचा तागा होता. तो आम्ही दोघींनी खोलीभर लोटत नेला. सकाळी सांध्यांतून बारीक बारीक मण्यांसारखे थेंब वर आलेले दिसत. मी ते फडक्याने टिपून घेत असे.

"फरशीला घाम येतोय," यिक्के म्हणाली.

"नवी जागा आहे. रुळेल."

शेवटी मी चौदा खुर्च्यांच्या छप्पन पायांखाली नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, नव्या चकत्या चिकटवल्या. फरशीवर ओरखडा येऊ नये म्हणून. सज्जन घरात पाहुण्यांच्या चपलांपेक्षा खुर्च्यांच्या पायांची काळजी अधिक घेतात.

वाढदिवस शनिवारी होता. तीन वाजता माणसे आली, तीन वाजून पाच मिनिटांनी चौदा खुर्च्यांचे रिंगण भरले. येणाऱ्या प्रत्येकाने रीतीप्रमाणे रिंगणात फिरून सगळ्यांशी हस्तांदोलन केले: माझे अभिनंदन, विब्रेनचे आईच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन, मारिटचे सासूच्या वाढदिवसाबद्दल, यिक्केचे वहिनीच्या. फरशी आरशासारखी चमकत होती. एकही सांधा वाकडा नव्हता. विब्रेनने बुटाच्या टोकाने हळूच एक कोपरा दाबून पाहिला. तो हलला नाही. पुढे ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. त्या क्षणी ती फरशी अप्रतिम होती.

"आई, मानलं तुला," तो म्हणाला.

"मालाला मान," मी म्हटले.

मारिट तर सगळ्यांत जास्त खूष दिसली. "मी म्हणतच होते, आई करतील," ती तिच्या शेजारणीला दोनदा म्हणाली.

कॉफी झाली. गुलाबी साखरेचा थर दिलेल्या केकचा एकेक तुकडा झाला. तासाभराने दुसरी कॉफी आणायला यिक्के उठली. तिने खुर्ची मागे सारली, आणि मला एक आवाज ऐकू आला. तो मी हजार आवाजांत ओळखला असता: दाट सुती कापड हाताने फाडले की जसा येतो तसा.

खुर्ची मागे गेली होती. तिच्या दोन पायांबरोबर एक फरशीही गेली होती.

यिक्के तत्काळ खाली बसली. फरशी जागेवर परत आली. कोणाच्या लक्षात आले नाही. यिक्के माझ्याकडे बघून अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "वहिनी, मला वाटतं मी आज कॉफी आणू नये."

मी परिस्थिती एका नजरेत पाहिली. चौदा माणसांचे वजन तासभर छप्पन पायांवर होते. त्या दाबाने खालचा गोंद सांध्यांतून वर आला होता आणि नमद्याने तो प्यायला होता. जो उठेल त्याची खुर्ची फरशी घेऊन उठणार होती. म्हणजे कोणी उठता कामा नये. मी स्वतः काठाला, सांध्यांपासून दूर बसले होते. मी अलगद उठले.

"आज कोणी उठायचं नाही," मी जाहीर केले. "कॉफी मी जागेवर आणून देणार."

"तुझा वाढदिवस, आणि तू वाढणार?" विब्रेन म्हणाला.

"माझा वाढदिवस आहे म्हणूनच माझं ऐकायचं."

इथवर सगळे ठीक होते. मग त्यांना जागेवर खिळवून ठेवण्यासाठी मी एक चूक केली. मी केकचा दुसरा तुकडा वाटायला घेतला.

आमच्याकडे कॉफीबरोबर माणशी एकच तुकडा मिळतो; दुसरा आजवर कोणी पाहिलेला नाही. समोरच्या दारचे निवृत्त नावाडी हातातल्या बशीकडे असे पाहू लागले, जसे काही त्यांच्या नावे तार आली आहे. "दुसरा?" त्यांनी विचारले.

"घ्या ना."

"पण एक झालाय माझा, हिल्ट्ये."

"ऐंशी वर्षं रोज होत नाहीत."

विब्रेन माझ्याजवळ झुकला. "आई, डॉक्टर काही म्हणालेत का?"

"काही नाही म्हणाले."

"मग दुसरा तुकडा कशाला देतेयस?"

उत्तर म्हणून मी त्याच्या बशीत तिसरा ठेवला. आता त्याचे डोळे भरून आले. मारिट उठू लागली. मी तिचा खांदा दाबून तिला खाली बसवले. कोपऱ्यातली एक शेजारीण दुसरीला म्हणाली, "निरवानिरव करतायत बिचाऱ्या." मी सगळ्यांना बसवून ठेवण्यात यशस्वी झाले होते, मात्र आता तो वाढदिवस राहिला नव्हता, माझी शोकसभा झाली होती, आणि मी तिथे केक वाटत फिरत होते.

पण घड्याळापुढे कोणाचे चालते? पाच वाजले. आमच्या गावात पाचला माणूस जातो, सहाला जेवतो. तेरा माणसांनी एकदम दोन्ही हातांनी मांडीवर थाप मारून "चला तर मग" म्हटले, आणि तेरा माणसे एकदम उठली.

त्या आवाजाचे मी वर्णन करणार नाही. समजा कोणी माझ्या दुकानातले सगळे तागे एकाच वेळी उभे फाडले.

तेरा खुर्च्या मागे सरकल्या आणि खोलीच्या मधोमध सिमेंटचे एक मोठे, ओले, चमकणारे रिंगण उघडे पडले. काही फरश्या खुर्च्यांच्या पायांना लोंबत होत्या. नावाडी एका पायावर उभे होते, कारण दुसऱ्याखालची फरशी त्यांच्या बुटाने ठेवून घेतली होती.

"एक जरी हलली तर," विब्रेन हळूच म्हणाला. पण त्याच्या आवाजात विजय नव्हता, केवळ कुतूहल होते. तो माझाच मुलगा. त्याने बोट लावले, वास घेतला, मग कपाटातून गोंदाचा डबा काढला आणि खिडकीपाशी नेऊन बारीक अक्षर वाचू लागला. पहिल्यांदा मनात, मग मोठ्याने.

"घर सोडताना फरशी बरोबर नेऊ इच्छिणाऱ्या भाडेकरूंसाठी. हा गोंद सुकल्यावरही कायम चिकट राहतो. फरशी केव्हाही सहज उचलता येते."

एखादी गुंडी धाग्यावरून ओघळावी तसा त्या दुकानातला प्रत्येक शब्द माझ्या कानांत ओघळला. बरोबर नेणार का. ठेवून जातात बहुधा. उचलायचं काम जड असतं. मुलाला कळता कामा नये.

"आई," विब्रेन म्हणाला. "म्हणजे तू इथं राहणारच नव्हतीस. आमच्याकडे येताना फरशीसुद्धा बरोबर आणणार होतीस. आणि मला हे अचानक सांगायचं होतं, म्हणून तो तिसरा तुकडा."

आता माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, भर सभेत कबूल करायचे की हिल्ट्ये वीर्दा माल घेताना फसली, तीही गोंदाच्या डब्यात, केवळ एक साधा प्रश्न न समजल्यामुळे. दुसरी, गप्प राहायचे आणि समुद्राच्या तळाशी फिकट निळ्या पडद्यामागे राहायला जायचे. 'फसले' म्हणायला मी तोंड उघडले. ते पुन्हा मिटले. ऐंशी वर्षांत मी तो शब्द कधी वापरलेलाच नव्हता.

माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लोकांनी आपापला लावला. नावाड्यांनी पाय सोडवून घेतला आणि हात पुढे केला. "अभिनंदन, विब्रेन. आई येणार तुझी." आणि मग जे सुरू झाले ते थांबवणे कोणाच्याच हाती नव्हते. सगळे पुन्हा रिंगणात फिरले. विब्रेनचे अभिनंदन, माझे अभिनंदन, यिक्केचे अभिनंदन. "अभिनंदन, मारिट, सासूबाई येणार."

मारिट हात पुढे करत होती. तेरावा हात हातात घेताना तिचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला होता.

"एक मिनिट," ती म्हणाली.

एकवीस वर्षांत तिचा हा आवाज मी ऐकला नव्हता. त्यात साखर नव्हती.

"तो डबा दे इकडं." तिने विब्रेनच्या हातून डबा घेतला, मागून पुढून पाहिला. "दुकान सहापर्यंत उघडं असतं ना, आत्या? कुठंसं आहे?"

यिक्केने पत्ता सांगितला.

"अगं पण कशाला?" विब्रेन म्हणाला. "आई तर येणारच आहे. फरशी गोळा करू, गाडीत टाकू."

"फरशीत काही दोष नाही, विब्रेन. माल उत्तम आहे. नुसता गोंद बदलला की झालं." ती कोट चढवत होती. "आईंना समुद्र लागतो. अल्मेरेत समुद्र आहे का?"

"पूर्वी होता," यिक्के म्हणाली.

"पण त्यांची खोली, मारिट. तू स्वतः पडदे..."

"त्या खोलीत ओल आहे."

"ओल? कधीपासून?"

"ते मी बघते," मारिट म्हणाली आणि गेली.

तिने पाहुण्यांना निरोप दिला नाही. पंचवीस मिनिटांत ती परत आली, बाह्या सारल्या आणि माझ्या खोलीत गुडघ्यांवर बसली. फरश्या तर हाताने उचलल्या जात होत्याच; त्या बाबतीत पोस्टमांच्या गोंदाने दिलेला शब्द पाळला. तिने कोमट पाण्याने जमीन घासली, खरवडली, पुसली, आणि माशीला मानाने बाहेर काढले. विब्रेनला तिने पाणी बदलायला लावले. यिक्केला गप्प बसायला लावले. मला काही करू दिले नाही. रविवारी सकाळी जमीन खडखडीत वाळल्यावर नवा गोंद पसरून तिने मोजून वेळ पाहिली, एकेक फरशी ठेवली आणि हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकून बसवली. इतक्या तळमळीने काम करणारी बाई मी माझ्या दुकानातही कधी पाहिली नव्हती. अशी सून मिळायला भाग्य लागते, हे मी तिच्यासमोर बोलूनही दाखवले.

"काहीतरीच काय, आई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात साखर परत आली होती.

शेवटची फरशी बसली तेव्हा मी खाली वाकून बोटाने सांधा चाचपला. काही वर येत नव्हते. मी बुटाने दाबले, ढकलले, यिक्केला एका जागी उडी मारायला लावली. फरशी जशी जन्मापासून तिथेच होती.

मला राहवेना. माल चांगला निघाला की त्याची चौकशी केल्यावाचून मला राहवतच नाही. "मारिट," मी विचारले, "कोणता म्हणायचा हा गोंद?"

"मला नाव नाही आठवत, आई," मारिट हात पुसत म्हणाली. "पोस्टमा म्हणाले, हा एकदा लावला की मग पुढं काहीही झालं तरी या घरातून हलायचं नाव नाही. मी म्हटलं, दोन डबे द्या."